मळ नव्हताच तो

सोमवारी प्रार्थना संपली की मुलींच्या रांगा माझ्या ताब्यात येत. नखं, केस आणि मान तपासायची आणि जिथे घाण दिसेल त्या मुलीला बाजूला काढायचं, असा आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेचा जुना नेम. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे स्वच्छतेचं खातं न मागता माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. हातात लाकडी पट्टी असायची. मारायला नाही, कॉलर खाली करायला. पट्टीच्या टोकानं कॉलर जराशी ओढली की मागची मान उघडी पडते. ती काळपट दिसली की मी म्हणायचे, "नल पे जाओ, रगड के धो के आओ." आमची शाळा हिंदी माध्यमाची आणि घरं सगळी मराठी, त्यामुळे रागावायचं हिंदीत आणि समजूत घालायची मराठीत, अशी आम्हा शिक्षकांची सवय झालेली आहे.

माझी मुलगी त्याच शाळेत चौथीला होती. लहान वर्गांच्या रांगा दुसऱ्या एक मॅडम बघत. एका सोमवारी त्या तिचा हात धरून सरळ माझ्यापुढे आल्या आणि हसत म्हणाल्या, "मैडम, अब आप ही बताइए, आपकी बेटी को कौन से नल पे भेजूँ?"

माझ्या रांगेतल्या मोठ्या मुली फिस्सकन हसल्या. माझी पोरगी खाली बघत उभी होती, त्यामुळे मान आणखीच दिसत होती. केसांच्या खाली, चांगला तीन बोटं रुंद काळा पट्टा. त्या क्षणी मला तिची दया आली असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मला संताप आला होता, आणि तोही तिचाच. सगळ्या शाळेच्या माना मी तपासणार आणि माझ्याच घरची मान अशी, हे मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या रविवारपासून घासणं सुरू झालं.

आमच्याकडे संत्र्याची साल सहसा कोणी फेकत नाही. गच्चीवर वाळवायची, मिक्सरमधून काढायची आणि डब्यात भरून ठेवायची. लग्नाच्या नवरीला लावतात, दिवाळीत उटण्यात घालतात. मी ते सालीचं पीठ, बेसन आणि दही असं कालवायची आणि मुलीला न्हाणीघरात पाटावर बसवून मागून घासायची. पहिले दोन-तीन रविवार हातानं. मग कापडानं. नंतर टाचा घासायची वजरी असते ना, तिनं.

"आई, दुखून राहिलं."

"दुखते तं दुखू दे. रोज नीट घासलं असतं तं आज ही पाळी आली नसती. हलू नको."

ती केस पुढे घेऊन, हनुवटी छातीला टेकवून बसायची. घासून झालं की पट्टा थोडा उजळल्यासारखा वाटायचा. तो उजळलेला नसायचा, लाल झालेला असायचा. मंगळवारपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा. मग मी तिला आळशी म्हणायची, घाणेरडी म्हणायची. आणखीही काही म्हणायची, ते इथे लिहिणार नाही.

ती जाड होती, याची मात्र मला कधी काळजी वाटली नाही. जन्मली तेव्हा एवढीशी होती की माझ्या सासूबाई तिला कापसात गुंडाळून ठेवायच्या. त्या वर्षी घरात एकच चर्चा, पोरगी किती प्याली, किती वाढली. पुढे ती भरत गेली तसे येणारे-जाणारे तिचे गाल ओढून म्हणायचे, "खात्यापित्या घरची दिसते बाप्पा!" आणि मला ते माझंच कौतुक वाटायचं. मी शाळेतून दमून यायची, नवरा तहसील कचेरीतून त्याहून उशिरा. आल्या आल्या तिच्या हातात वेफरचा पुडा आणि कोल्ड्रिंकची छोटी बाटली दिली की मला अर्धा तास पाठ टेकायला मिळायची. ती टीव्हीपुढे खायची, मी आत पडून राहायची. त्या अर्ध्या तासासाठी मी किती पुडे आणले असतील कोण जाणे.

पाचवीत गेल्यावर तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. दोन दिवस ओवा, हिंग झाला. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका काढून सोनोग्राफीला पाठवलं. अपेंडिक्स ठीक निघालं, दुखणंही आपोआप थांबलं. पण अहवालात खाली लिहिलेलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढतं ते, तिप्पट.

त्या संध्याकाळी माझे सासरे सौंसरहून आले. मी त्यांना मामाजी म्हणते. ते सासूबाईंच्या माघारी सौंसरजवळच्या बागेतच राहतात. साठ-सत्तर संत्र्याची झाडं, थोडा कापूस, आणि दिवसभर झाडांशी बोलणं. अहवाल हातात घेऊन ते उलटा-सुलटा करत राहिले.

"लिवर तं दारू पिणाऱ्यायचं खराब होते सूनबाई," ते म्हणाले. "आपल्या घरात कोणी सुपारी नाई खात. या लेकराचं काहून खराब होईन? मशीन चुकली असन."

मलाही मनातून तसंच वाटत होतं. विज्ञानाची शिक्षिका मी, यकृताचं चित्र फळ्यावर डोळे मिटून काढते. पण यकृत बिघडायला बाटली लागते, असंच माझ्याही डोक्यात बसलेलं. बाटली घरात होतीच की. तिच्यावर लेबल वेगळं होतं, एवढंच.

नागपूरला मुलांच्या यकृताच्या डॉक्टर आहेत असं कळलं, तिथे नेलं. साधारण माझ्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी उंची घेतली, वजन घेतलं, पोटाचा घेर मोजला, रक्तदाब पाहिला. मग मुलीच्या मागे जाऊन तिच्या फ्रॉकची कॉलर दोन बोटांनी खाली केली.

मी ताबडतोब सफाई द्यायला लागले. "मॅडम, मी दर रविवारी घासते हो. सालीचं पीठ लावते, वजरीनं घासते, पण निघतच नाही. ही मेली नीट आंघोळ करत नाही."

डॉक्टर मानेवरचे जुने ओरखडे बोटानं चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "हा मळ नाही."

त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, आणि मी माझ्याच विद्यार्थिनीसारखी ऐकत राहिले. जेवल्यावर साखर रक्तात येते. ती पेशींच्या आत न्यायचं काम इन्सुलिनचं. या मुलीच्या अंगात इन्सुलिन भरपूर आहे, पण पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्यात. म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि आणखी. त्याचा परिणाम कातडीवर होतो, मानेवर, काखेत ती जाड आणि काळी होते. आणि जी साखर खर्च होत नाही, ती चरबी होऊन यकृतात जाऊन बसते.

"मान केव्हापासून सांगत होती," त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

"बरी होईल ना?"

"आत्ता दहा वर्षांची आहे. आत्ता हे पूर्ण मागे फिरू शकतं. असंच राहिलं तर यकृताला आतून वण पडायला लागतील. वण पडले की मग माझ्या हातात फारसं राहणार नाही. मधुमेहही लवकर गाठेल."

मी औषधाच्या चिठ्ठीची वाट पाहत होते. चिठ्ठीवर एकही गोळी नव्हती. कोल्ड्रिंक बंद, पुड्यातलं खाणं बंद, साखर आणि मैदा कमी, रोज तासभर घाम येईल असं खेळणं, जेवताना टीव्ही नाही. उपाशी ठेवायचं नाही. घरात सगळ्यांनी हेच जेवायचं, तिच्या एकटीचं ताट वेगळं नको. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून: मान घासू नये.

परतीच्या वाटेवर मुलीनं एकच प्रश्न विचारला. "आता रविवारी घासायचं नाई ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. मी तिची माफी मागायला हवी होती. तोंडाशी आलंही होतं. पण आमच्याकडे आईबापांनी लेकरांची माफी मागायची रीत नाही. मी तिला पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर मी कामाला लागले ती पदर खोचूनच. पुडे गेले, बाटल्या गेल्या, टीव्हीची वायर कपाटात गेली. नवऱ्याचा सकाळचा आलूबोंडासुद्धा गेला. तो बिचारा ज्वारीची भाकर खाताना एवढं पडलेलं तोंड करायचा की मुलगीच त्याला म्हणायची, "बाबा, खा ना, मी पण खाऊन राहिली." आणि कोल्ड्रिंकच्या जागी काय, हा प्रश्न तर आमच्या घरात पडण्यासारखा नव्हताच. मामाजींनी फोनवरच निकाल दिला.

"माझ्या नातनीले तुमी बाजारातलं रंगाचं पाणी पाजलं. आता घरचा रस पाजा. चमचाभर साखर नाई, चिमूटभर मीठ नाई. पहा कशी टवटवीत होते."

आंबिया बहाराची, दिवाळीच्या सुमाराला येणारी फळं तेव्हा नुकतीच उतरायला लागली होती. व्यापारी मोठी, चकचकीत फळं निवडून नेतात. बारीक आणि डागी फळं मागे राहतात, आणि गोडीला तीच सगळ्यांत सरस. मामाजी दर आठवड्याला त्यांची पेटी भरून सौंसरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हवाली करायचे, मी पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायची. हातानं दाबायचं रस काढायचं यंत्र आणलं. सकाळी शाळेआधी दोन ग्लास, संध्याकाळी दोन ग्लास. मामाजी आले की तेच रस काढायचे. बाहेरच्या ओट्यावर बसून, धोतराचा सोगा मांडीखाली दाबून, एकेक फळ सोलून, बिया वेचून. ग्लास भरला की हाक मारायचे, "ये वं माय, तुह्यं औषध पी." मी वर्गात मुलांना सांगायची, संत्र्यात क जीवनसत्त्व असतं, आपलं नशीब की आपण संत्र्याच्या मुलखात जन्मलो. तीन महिने आम्ही घरात असं वागत होतो जणू परीक्षेचा पेपर आधीच हातात आलाय.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. एसजीपीटी उतरलं नव्हतं. उलट थोडं वाढलं होतं. वजन दीड किलोनं वर.

डॉक्टरांनी माझ्याकडून दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. भाकर, वरण, पालेभाजी, दोन वेळचं जेवण, सगळं त्यांच्या मनासारखं. त्या पेन थांबवून म्हणाल्या, "आणि पिण्यात?"

"बाहेरचं एक थेंब नाही मॅडम," मी छाती पुढे काढून सांगितलं. "घरच्या बागेतल्या संत्र्याचा रस. बिनसाखरेचा."

"किती?"

मी उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, "चार ग्लास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एका ग्लासाला किती संत्री लागतात?"

"चार. फळ बारीक असलं तर पाच."

"म्हणजे दिवसाला कमीत कमी सोळा. एका जागी बसून सोळा संत्री तुम्ही खाल का? पोट भरेल, जबडा दुखेल, तिसऱ्या-चौथ्याला माणूस थांबतो. रस काढला की चोथा जातो, चावणं जातं आणि सोळा संत्र्यांची साखर घटाघटा आत जाते. यकृताला ती बागेतली की बाजारातली, हे कळत नाही हो. संत्रं खाऊ द्या. सोलून, चावून. एक, फार तर दोन. रस नको."

मला तिथल्या तिथे रडू कोसळेल असं वाटलं. वजरीनं मान सोलून काढली होती तेव्हा निदान मी अडाणीपणानं वाईट वागत होते. आता तर मी चांगलं वागत होते. माझ्या लेकराकडे असलेला वेळ मोजका होता, आणि त्यातले तीन महिने मी कौतुकानं, हसत हसत घालवले होते.

मामाजींना सांगायचं कसं, हा दुसरा घोर. नवरा म्हणाला, मी फोनवर सांगतो. मी म्हटलं, फोनवर नको, त्या माणसाचं आयुष्य त्या झाडांत गेलंय. रविवारी आम्ही तिघं बागेत गेलो. मी शक्य तेवढं हळू सांगितलं. मामाजी ऐकता ऐकता लाल झाले.

"संतऱ्यानं कोणी बिमार पडते काय? म्या बाहत्तर वर्सं खाल्ले. मले काय झालं?"

"तुम्ही खाल्ले मामाजी. रस प्यायला नाहीत."

"एकच हाय ते."

"एका ग्लासाला चार लागतात. दिवसाचे सोळा होतात."

"मंग सोळा खाऊन दाखवतो ना!" म्हणाले आणि खरंच टोपलं घेऊन बांधावर बसले. हट्टाला पेटला की तो माणूस कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मुलगी त्यांच्यासमोर उकिडवी बसून एकेक फळ त्यांच्या हातात द्यायला लागली. पहिली तीन झपाट्यानं गेली. चौथं बरं गेलं. पाचव्याला त्यांनी मधे पाणी मागितलं. सहाव्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीचं फळ हातातच धरून बसून राहिले.

"आबाजी, अजून दहा हायेत," मुलगी म्हणाली.

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या माह्या हातानं पाजलं सूनबाई. बिया काढू काढू पाजलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या माणसाची इतकी माया कधीच वाटली नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली, आम्ही दोघं एकाच चुकीत सापडल्यावर पहिल्यांदा एकमेकांना ओळखलं असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मामाजींनी सूत्रं आपल्या हाती घेतली. दर रविवारी आजोबा आणि नात बागेपासून जामसांवलीच्या मारुतीपर्यंत पायी जाऊन पायीच परत यायचे. सुरुवातीला तिला अर्ध्या वाटेत बसावं लागायचं. मामाजी आपलेच गुडघे दुखतात असं सांगून तिच्या आधी बसायचे. प्रसादाला पेढा घ्यायचा नाही, नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा एकेक तुकडा खायचा, असा त्यांनी देवाशी परस्पर करार केला होता. आल्यावर दोघांनी मिळून एक संत्रं खायचं. वाटेत त्या दोघांच्या काय गप्पा चालायच्या ते मला कोणी सांगितलं नाही. आठवड्याच्या बाकी दिवशी ती गल्लीतल्या मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारायची, आणि मी मोजत बसायची.

मी सुधारले होते असं मात्र नाही. भाकरीचा तुकडा तिनं जास्त घेतला की माझे डोळे तिच्या ताटात जायचे. एकदा तिच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा सापडला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. तो मैत्रिणीच्या वाढदिवसाचा होता, तिनं उघडलासुद्धा नव्हता. घरी आणून मला विचारणार होती म्हणे. मी ओरडत असताना तिचा हात आपोआप मागे मानेवर गेला. तिच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं, आणि मी मधेच गप्प झाले.

शाळेत सोमवारची तपासणी चालूच होती. नागपूरहून आल्यापासून मी पट्टी घरीच ठेवत होते, पण रांग संपेपर्यंत माझी नजर कॉलरवरच असायची. माझ्या सातवीत एक मुलगी होती, अंगानं भरलेली, शांत, नेहमी मागच्या बाकावर. तिला मी आदल्या वर्षभरात नळावर कितीदा पाठवलं होतं त्याला गणती नाही. एका सोमवारी माझी तिच्या मानेकडे नजर गेली. तोच पट्टा. तेवढाच रुंद, तसाच जाड.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं. कापूस वेचायला जाणारी बाई, मजुरी बुडवून आली होती, दारात चप्पल काढून उभी राहिली. मी तिला खुर्चीवर बसवून सांगायला लागले की हा मळ नसावा, एकदा हिचं रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात होईल, मी सोबत येते.

ती आधी घाबरली, मग हात जोडले. "मॅडम, आम्ही बी सोडून देल्लं नाई. तुमी सांगितलं तवापासून रोज घासून राहिलो. राखेनं घासतो. रडते, तरी घासतो."

माझी मुलगी माझ्या हातानं सोलली गेली होती, ही माझी पोरगी, माझं पाप. पण ही बाई माझ्या शब्दावर राख घेऊन बसत होती. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. मुख्याध्यापिकांना सांगून मानेची तपासणी बंद करायला लावली. त्यांना ते पटायला वेळ लागला. "हमेशा से होता आया है, मैडम," त्या म्हणत होत्या. मी म्हटलं, जिला हवं तिनं करावं, मी कोणाची कॉलर धरणार नाही. त्यानंतर आमच्याकडे फक्त नखं पाहतात.

माझ्या मुलीचं पुढचं रक्त बरं आलं. त्यापुढचं आणखी बरं. एका वर्षात तिचं वजन फारसं उतरलं नाही, पण उंची वाढली आणि वजन आपल्या जागी थांबलं. डॉक्टर म्हणाल्या, या वयात हेच हवं. गेल्या वेळी नागपूरला गेलो तेव्हा सोनोग्राफीही केली. यकृत जवळजवळ स्वच्छ. एसजीपीटी मर्यादेत आलेलं. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे न देता मुलीच्या हातात दिला आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं. मी जिन्यातूनच मामाजींना फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले.

दुपारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. डबा निम्मा भरलेला होता. मुलगी खिडकीशी बसली होती, मांडीवर अहवालाचा लिफाफा. केस वर बांधल्यामुळे मान उघडी होती. पट्टा बराच फिकटला होता, पण पुरता गेला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कातडीला वेळ लागतो, तिच्या मागे लागू नका. मी त्या पट्ट्याकडे पाहत होते, आणि एवढ्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते काटोल स्टेशन यायच्या आधी एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"मी चुकले गं. मी तुला फार दुखवलं. तो मळ नव्हताच, आणि मी तुला घासत बसले. मला माफ कर."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिला माझ्या बोलण्याचं नवल वाटलेलं दिसत होतं, राग नव्हता.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मळ नाई म्हणून. तुह्या आधी मीच घासलं होतं ना. तिसरीत. पोरी चिडवत होत्या तं मी न्हाणीत कडी लावून वजरीनं घासलं. रक्त आलं. तरी काळं निघालं नाई."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी घासत होते तेव्हा एकदा तरी सांगायचं होतं."

तिनं खांदे उडवले. "तू म्हणत होती मळ हाय. तू सायन्सची मॅडम हाय. मले वाटलं, मलेच बरोबर घासता आलं नसन."

मी रडले. डब्यातल्या माणसांची लाज न धरता, पदर तोंडाला न लावता रडले. समोरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तिला मी काय सांगणार होते? मुलगी लिफाफा बाजूला ठेवून माझ्या जवळ सरकली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली,

"आई, नको ना. सगळे पाहून राहिले."